अकोल्याचा शेपू

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते आणि तिच्या घरामागे शेपू फार चांगला येतो. आज हे वाक्य मी सहज लिहू शकतो. पण मधली चार वर्षं अशी होती की कोणी नुसतं शेपूचं नाव काढलं तरी मी विषय बदलायचो. साठी उलटलेला, रेल्वेतून रिटायर झालेला, दोन नातवंडांचा आजा असलेला माणूस बहिणीच्या पालेभाजीवर जळतो, हे सांगायचं तरी कोणाला? बायकोलाही मी ते बरेच दिवस कळू दिलं नाही.

मी बडनेऱ्याला पार्सल ऑफिसात कारकून होतो. घर अमरावतीत. घरामागे एका खोलीएवढी मोकळी जागा आहे, बाकी सगळं फरशीखाली गेलेलं. वडील गेल्यावर गावचं वावर विकलं आणि माय माझ्याकडे राहायला आली, त्याला आता तेरा वर्षं झाली. येताना तिने सामान फारसं आणलं नाही. दोन लुगडी, एक पितळी डबा आणि कापडाच्या पुरचुंडीत शेपूचं बी. वावरातल्या विहिरीशेजारी ती वर्षानुवर्षं हा शेपू लावत आली होती. बारीक पानाचा, ठेंगणा, आणि चिरायला घेतला की बाहेर बसलेल्या माणसाला कळावं अशा वासाचा. बाजारातल्या शेपूला ती शेपू म्हणतच नसे. "थे गवत हाये," म्हणायची.

त्या बियाचे तिने दोन वाटे केले. एक मला, एक बहिणीला. माझा वाटा मी कपाटात टाकला आणि विसरलो. मला तेव्हा ड्युटी होती, मातीशी माझा संबंध नव्हता. बहिणीने तिचा वाटा त्याच वर्षी दिवाळीनंतर पेरला.

तेव्हापासून तिचा एक नेम झाला. महिन्यातून दोन रविवार ती सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायची, मी तिला स्कूटरवर घरी आणायचो. हिवाळा असला की तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेपू असायचा. घरात आल्या आल्या ती चप्पलही नीट काढायची नाही, आधी ते फडकं मायच्या मांडीवर सोडायची. माय जुडी उचलून नाकाला लावायची आणि डोळे मिटायची. मग त्या दिवशी मुगाची डाळ घालून शेपू, नाहीतर तुरीच्या डाळीचे, शेपू घालून वाफवलेले फुणके आणि कढी. माय एरवी एक भाकर खायची, त्या दिवशी दीड खायची.

नोकरीत होतो तोवर मला यात काही वाटलं नाही. रविवारी चांगलं जेवण मिळतं, एवढंच. रिटायर झालो, दिवसभर घरात राहू लागलो आणि मग मला दिसायला लागलं. माय शुक्रवारपासूनच दिवस मोजायची. "परवा येईन पोरगी," म्हणायची. मायची औषधं मी आणायचो, तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे मी न्यायचो, तिचे पाय दुखले की बायको तेल चोळायची. यातलं काही माय वाईट म्हणायची नाही, पण चांगलंही म्हणायची नाही. शेजारीण येऊन बसली की कौतुक मात्र एकाच गोष्टीचं. "माह्या पोरीच्या घरी शेपू पाहाल तुमी! तिचा हात हाये तसा."

हे एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग एका दिवशी मी फावडं विकत आणलं.

पहिल्या वर्षी मागची जागा खणली, बहिणीकडूनच ताजं बी मागून घेतलं आणि टाकलं. आमची काळी माती. पाणी दिलं की चिखल, पाणी तोडलं की दगड. वर अशी पापडी धरली की खालचा अंकुर वर येईचना. दुसऱ्या वर्षी बी मुठीने फेकलं, तेव्हा वारा होता; सगळा शेपू एका कोपऱ्यात भिंतीला चिकटून उगवला आणि बाकीची जागा रिकामी. बहीण हसली नाही. तिने मला नीट समजावलं. बी बारीक असतं, त्यात दुप्पट रेती मिसळायची म्हणजे सारखं पडतं. मातीत शेणखत आणि थोडी रेती कालवायची. रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, त्याला ते सोसत नाही. ती सांगत होती आणि मी मान डोलावत होतो, आणि आतल्या आत म्हणत होतो, आता ही मला शिकवणार.

उन्हाळ्यात तर तिचा आणखी एक प्रकार असायचा. हिवाळ्यातला जास्तीचा शेपू ती वाळवून ठेवायची. जाड काड्या काढून फक्त पानं, सुती लुगड्यावर पसरून, घरातच पंख्याखाली. चार दिवसांनी ती हिरवीच राहून कुरकुरीत व्हायची. मग काचेच्या बाटलीत गच्च बंद. वैशाखात बाहेर ऊन भाजत असताना माय ती बाटली उघडायची, वास घ्यायची आणि लगेच झाकण लावायची, जसा काही वास संपून जाईल. मीही एकदा वाळवला. घाई होती म्हणून गच्चीवर उन्हात टाकला. दोन दिवसांत पिवळा पडला, वास उडाला. बायको वर आली, बोटांनी चुरून पाहिला आणि म्हणाली, "बकरीले टाका."

तिसऱ्या वर्षी मात्र जमलं. मी रेती कालवली, खत घातलं, रोज सकाळी झारीने पाणी दिलं. नवव्या दिवशी हिरव्या केसांसारखे अंकुर दिसले. सव्वा महिन्यात वीतभर शेपू उभा राहिला. मी पहिली जुडी कापली, धुतली आणि बहिणीसारखीच मायच्या मांडीवर ठेवली. मायने वास घेतला. भाजी झाली, जेवली. मी समोर बसून होतो.

"कसा हाये?"

"बरा हाये," ती म्हणाली.

बरा! तीन वर्षांची मेहनत आणि बरा. मी ताट अर्धवट सोडून उठलो.

आणि मग मी एक लबाडी केली. पुढच्या रविवारी बहीण यायची होती, पण तिच्या घरी पाहुणे आल्यामुळे तिने फोन करून नाही म्हणून कळवलं. मायला ते सांगायच्या आधी मी मागे गेलो, माझाच शेपू कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मायला म्हणालो, "थे येत नाई आज. पण गाडीत कोनाजवळ तरी शेपू पाठवला तिनं. मी बडनेऱ्याहून घेऊन आलो."

मायचा चेहरा पडला आणि फडकं सोडल्यावर पुन्हा फुलला. त्या दिवशी ती दीड भाकर जेवली. ताटात बोट फिरवून शेवटचं चाटलं आणि बायकोला म्हणाली, "पाह्य, याले म्हनते शेपू. मांगच्या हप्त्यात या बाबूनं आपल्या इथचा देला होता, पानचट होता थो."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याच शेपूचं कौतुक झालं होतं, बहिणीच्या शेपूइतकंच. पण मला एकाएकी असं वाटलं की कोणी माझ्या छातीवर गुडघा ठेवला आहे. बहिणीचा शेपू चांगला होता म्हणून मी आजवर जळत होतो. आता कळलं की शेपूचा काही संबंधच नव्हता. बहिणीने बाभळीचा पाला पाठवला असता तरी मायने डोळे मिटून वास घेतला असता. त्याच्यावर मी काय खत घालणार होतो?

त्याच वर्षी फाल्गुनात अकोल्याकडे गारपीट झाली. तिचा शेपू तेव्हा फुलून बियाला आला होता. पिवळी छत्रीसारखी फुलं तपकिरी व्हायला लागली होती, आठ दिवसांत कापायची होती. गारांनी सगळं जमिनीत घातलं. जुनं बी तिच्याजवळ नव्हतं. मागच्या वर्षीचं होतं ते तिच्या मुलीच्या बाळंतपणात संपलं. आमच्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर जे बाळंतशोपा भाजून देतात, ते हेच शेपूचं बी. तिला वाटलं होतं, नवं येतंच आहे.

आमच्याकडे गारा पडल्या नाहीत. माझं बी त्या वर्षी टपोरं धरलं. दव असताना सकाळी मी ती छत्र्या-छत्र्यांची डोकी कापली, म्हणजे दाणे गळत नाहीत, जुन्या उशीच्या खोळीत उलटी टांगली आणि पंधरा दिवसांनी काठीने झोडपली. दोन वाट्या भरून बी निघालं. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी पिकवलं होतं.

बहिणीचा फोन आला. "दादा, मायचं बी आता तुह्याच जवळ उरलं. मले देशीन थोडंसं?"

तिच्या आवाजात विनंती होती. ती माझ्याकडे कधी काही मागत नसे, त्यामुळे क्षणभर मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. "थोडंसं काहून, लागन तेवढं घे," मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो होतो.

फोन ठेवला. माय पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, "थोडंसं नोको देऊ. समदं दे तिले. तुह्या इथी कायले ठेवतं? तिच्याच हाताले येते थे."

 बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी स्वयंपाकघरात गेलो. वाटीतलं दोन मुठी बी एका डबीत काढून वरच्या फळीवर ठेवलं. उरलेलं कढईत घातलं आणि गॅस लावला.

मी खोटं बोलणार नाही, मला नीट माहीत होतं मी काय करतो आहे. भाजलेलं बी उगवत नाही हे कोणालाही माहीत असतं. मी गॅस बारीक ठेवला, रंग बदलू नये म्हणून हलवत राहिलो.  पार्सलच्या पावत्या लिहिताना असायचे तसे हात शांत होते. थोड्या वेळात तो गरम, गोडसर वास घरभर सुटला.

बाहेरून माय ओरडली, "कोन बाळंतशोपा भाजून राहिलं वो? कोन बाळंतीन हाये आपल्या इथी?"

"मी हाये, माय," मी म्हणालो. "पोटात गॅस झाला. चघळाले भाजून राहिलो."

"बरं करतं," ती म्हणाली. "कोमट पानी पे वरून."

बी थंड झाल्यावर मी कागदाच्या पुडीत बांधलं. वास जावा म्हणून पुडी दोन दिवस खिडकीत ठेवली. पुढच्या रविवारी बहीण परत जायला निघाली तेव्हा बडनेऱ्याच्या फलाटावर तिच्या हातात दिली. तिने ती पुडी पदरात बांधली, पर्समध्ये नाही. खिडकीतून ती हात हलवत होती आणि मीही हात हलवत होतो.

दिवाळी झाली. तिने पेरलं, मीही माझं डबीतलं पेरलं. दहाव्या दिवशी माझ्याकडे सगळं हिरवं झालं. तिचा फोन आला. "दादा, माह्या इथी अजून काईच नाई."

"थंडी कमी असन," मी म्हणालो.

पंधराव्या दिवशी पुन्हा फोन. काहीच नाही. तिने उरलेलं बी दुसऱ्यांदा पेरलं. मायने फोनवरून सूचना दिल्या, बी रात्रभर भिजव, वर गोणपाट झाक. तिने तेही केलं. काही नाही. मग एका सकाळी ती फोनवर म्हणाली, "माहा हात गेला, दादा. कायच्यानं गेला, मालूम नाई."

मी फोन कानाला लावून मागच्या दारात उभा होतो. समोर माझा शेपू वाऱ्याने हलत होता. आणि खरं सांगायचं तर, तिचं ते बोलणं ऐकून आधी मला बरं वाटलं. पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. लाज नंतर वाटली, आणि तीसुद्धा थोडी.

त्या हिवाळ्यात मायने माझाच शेपू खाल्ला. "चांगला हाये" म्हणालीसुद्धा. मी इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द तो, आणि तो उच्चारून लगेच तिने विचारलं, "तिचं उगलं काय रे?" रोज विचारायची. जेवायला बसली की विचारायची.

बहीण रविवारी यायची, आता रिकाम्या हाताने. मला वाटलं होतं, आता फरक पडेल. काही पडला नाही. माय तिला तशीच जवळ बसवून घ्यायची, तिचा रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवायची आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या. मी चहा घेऊन गेलो की थांबायच्या, मी बाहेर आलो की पुन्हा सुरू. मी बाहेर पेपर धरून बसायचो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो.

एका रविवारी जाताना बहीण मागे आली, माझ्या शेपूपाशी उकिडवी बसली आणि पानांवरून हात फिरवला. "लय सुंदर केला, दादा," म्हणाली. "तू येतं काय एखाद्या दिवशी अकोल्याले? तुह्या हातानं पेरून पाहू. माह्या मातीतच काईतरी झालं असन."

मी हो म्हणालो. जाण्याआधी डबीत थोडं बी शिल्लक होतं, ते घेतलं. माझा बेत असा होता की हे चांगलं बी पेरायचं, ते उगवेल, आणि जे झालं ते तसंच मिटेल. कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

अकोल्याला तिच्या घरी पोहोचलो. मेव्हणे कोर्टात नोकरीला आहेत, ते कामावर गेले होते. ती मला सरळ मागे घेऊन गेली आणि मी पाहतच राहिलो. शेपूची ती पट्टी तिने कमरेइतकी खणून काढली होती. जुन्या मातीचा ढीग भिंतीशी लागला होता. अकरा वर्षं ज्या मातीत तिने खत मुरवलं, ती माती बिघडली असं समजून तिने उकरून टाकली होती, आणि नवी माती टोपल्याने आणून अर्धा खड्डा भरला होता. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

"हे कोनं खणलं?"

"मीच. कोन खणन? रोज थोडं थोडं." मग मनगट लपवत म्हणाली, "मुरगळलं जरासं. आता टाक तू बी."

माझ्या खिशात डबी होती. मी ती काढलीच नाही. मी त्या मातीच्या ढिगावर बसलो आणि म्हणालो, "तुह्या मातीले काई झालं नाई. तुह्या हातालेही काई झालं नाई. मी तुले भाजलेलं बी देलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. "चुकून?" तिने विचारलं.

"नाई. कढईत घालून भाजलं. तुले येऊ नये म्हनून."

 मला वाटलं ती ओरडेल, रडेल. ती म्हणाली, "मायले सांगतलं?"

"नाई."

"सांगू नोको. तिले वाईट वाटन." मग थोड्या वेळाने, "काहून केलं पण, दादा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मायची दीड भाकर, शुक्रवारपासून दिवस मोजणं, तिच्या नावाने दिलेला माझा शेपू. बोलताना ते सगळं इतकं पोरकट वाटत होतं की मीच मध्ये थांबलो.

तेव्हा ती चिडली. तिला इतकं चिडलेलं मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. "तू जळतं? तू? माय तुह्याजवळ हाये! सकाई उठल्यावर तुले दिसते. तिले खोकला आला तर तुले ऐकू येते. मले पंधरा दिवसातून एकदा चार घंटे भेटते थे. त्या चार घंट्यासाठी मी शेपू घेऊन पयतो, काहून का मले तिले द्याले दुसरं काईच नाई. वापस जाताना गाडीत बसलो का बोरगावपर्यंत मी रडत राहतो. कोनाले सांगतलं मी? तुह्या घरात येऊन मी काई भाजलं?"

 मी डबी काढून तिच्यापुढे धरली. "हे चांगलं हाये. घे."

"बी नोको मले," ती म्हणाली. "मायले दे. दोन महिने माह्या घरी राहू दे. अकरा वर्षांत एकदाही तू म्हटलं नाई, घेऊन जा म्हनून. मी इचारलं का तू म्हनतं, तिले प्रवास सोसत नाई, तिले तिथी करमत नाई. तूच म्हनतं. तिले इचारलं कधी?"

हे खरं होतं. मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर ती हो म्हणेल, ही भीती होती.

तिने मला चहा विचारला नाही. फाटकापर्यंतही आली नाही. मी रिक्षाने स्टेशनवर आलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबवून ऐकलं. "म्हनूनच कढई वास मारत होती त्या दिवशी," म्हणाली. मग भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "लहान लेकरूही असं करत नाई. जा, मायले इचारा आता."

मायला मी विचारलं. "अकोल्याले जातं काय दोन महिने?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू सोडतं?" तिने विचारलं. इतकंच. पण ते ऐकून मला कळलं की अकरा वर्षं तीही वाट पाहत होती आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हती.

पौषात मी तिला घेऊन गेलो. बहिणीने दार उघडलं, मायला आत घेतलं, माझ्याशी कामापुरतं बोलली. मी चटकन निघालो. घरी मायचा पलंग रिकामा होता. मी दुपारी दोनदा तरी त्या खोलीत जाऊन परत यायचो. संध्याकाळी फोन करायचो, तो मेव्हणे घ्यायचे आणि मायला द्यायचे. बहीण फोनवर आलीच नाही. त्या दिवसांत मला तिचा जितका हेवा वाटला तितका शेपूच्या चार वर्षांत मिळून वाटला नव्हता.

महिनाभराने तिचा फोन आला. स्वतःहून, पहिल्यांदाच. आवाज तुटक होता.

"येशीन तेव्हा तुह्या इथचा शेपू घेऊन ये," म्हणाली. "इथला तिले चालत नाई."

"काहून? तू कोठून आनला?"

"बाजारातून. मग कोठून? आन थे म्हनते, माह्या बाबूच्या अंगनातला शेपू पाहाव तुमी. दिवसभर तुहंच नाव हाये. बाबू सकाई चहा असा देते, बाबूनं पाय दुखले का असं केलं, बाबूची बायको भाकर पातळ करते. शेजारच्या बाईले सांगत होती काल. मी पाटा-वरवंट्यावर तिच्यासाठी चटनी वाटून राहिलो होतो तेव्हा." ती थांबली. "मले इतका राग आला, दादा, का मी उठून आत गेलो."

मला हसू येत होतं आणि मी ते दाबून धरलं, कारण हसायचा हक्क मला नव्हता. पण तिकडून तीच आधी हसली. रडल्यासारखी, नाक ओढत, पण हसली. मग मीही हसलो. आमच्या मायला जवळ नसलेलंच लेकरू दिसतं, हे आम्हा दोघांना इतक्या वयात कळलं.

म्हणून सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. पुढच्या रविवारी मी दोन जुड्या घेऊन गेलो तेव्हा तिने त्या माझ्या हातातून घेतल्या, चहा केला, पण मी पुन्हा पुढे केलेलं डबीतलं बी कपाटावर ठेवून दिलं. तिने ते पेरलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिने दुकानातून पाकीट आणून पेरलं. का, ते मी विचारलं नाही. मी दिलेल्या बियावर तिचा हात पडायला वेळ लागेल, किंवा पडणारही नाही. मायला आम्ही दोघांनी आजवर काही सांगितलेलं नाही.

आता माय हिवाळ्याचे तीन महिने अकोल्याला असते आणि बाकी माझ्याकडे. या वर्षीही ती तिकडेच आहे. मी रोज संध्याकाळी फोन करतो. काल विचारलं, काय जेवली? म्हणाली, पोरीनं फुणके केले होते, दोन जास्त खाल्ले. आवाज खुशीत होता. मला टोचलं. अजूनही टोचतं, ते काही गेलेलं नाही. पण एरवी टोचलं की देतो तसा फोन बायकोकडे न देता मी विचारलं, "कढी आंबट होती का गोड?" आणि ती सांगू लागली.